न भरणारी टाकी

आमच्या वस्तीत कुणाकडे नवे पाहुणे आले, की घरमालक त्यांना हॉल दाखवतो, देवघर दाखवतो, आणि मग अंगणात नेऊन फरशीवर टाच आपटून सांगतो, "ही संडासाची टाकी. बांधली तवापासून एकदाही उपसा लागली नाही." पाहुणे कौतुकाने मान हलवतात. मीही अनेकांना असं सांगितलं आहे, आणि सांगताना मला बरं वाटलं आहे. आता मी ते कुणाला सांगत नाही.

मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या बाजूला आमचं गाव. गाव रस्त्याच्या दिशेने वाढत गेलं आणि पंजाबरावांच्या वावराचे प्लॉट पडले. आमची ओळ उत्तरेकडे तोंड करून उभी आहे. सगळ्यांत पूर्वेचं घर पंजाबरावांचं, त्याच्यापुढे त्यांचं उरलेलं वावर. त्यांच्या पश्चिमेला मी आणि माझी बायको सुलभा. मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. निवृत्त झाल्यावर इथे घर बांधलं. आमच्या पश्चिमेला गोजरबाई, त्यांचा मुलगा सहदेव, सून सुचिता आणि दुसरीत जाणारी नात छकुली. त्यापुढेही घरं आहेत, पश्चिमेच्या उतारावर थेट नाल्यापर्यंत. गावाची नळयोजना अजून इथवर आलेली नाही. म्हणून ज्याच्या त्याच्या अंगणात ज्याचं त्याचं बोअर.

संध्याकाळी वस्तीतली मुलं माझ्याकडे जमतात. पाढे, थोडं वाचन, थोड्या गप्पा. जागा म्हणजे अंगणातली शहाबादी फरशी, तीच टाकीवरची. सपाट जागा तेवढीच होती आणि वर कडुनिंबाची सावली होती. फरशीखाली काय आहे हे मला माहीत होतं आणि मुलांनाही. पण फरशी धुतलेली असे, वास कधी येत नसे, आणि कडुनिंब तर असा झपाट्याने वाढला होता की येणाराजाणारा विचारायचा, गुर्जी, खत कोणतं टाकता?

श्रावण सरता सरता छकुली वर्गाला यायची थांबली. मी बघायला गेलो. ती खाटेवर बसली होती. डोळे हळदीसारखे, गळ्यात काविळीची माळ.

"गुर्जी, हे माळ लांब होत जाते," तिने मला समजावलं. "पोटापर्यंत आली की कावीळ खतम."

"आणि डॉक्टर काय म्हणाले?"

"ऊस खाय म्हणे. तेलकट नको. शाळा नको." शेवटचं तिने जरा आनंदानेच सांगितलं.

सहदेव मात्र काळजीत दिसला. "गुर्जी, बुलढाण्याचे डॉक्टर छकुलीचं जास्त बोललेच नाही. हिच्याकडेच पाहत बसले." त्याने सुचिताकडे मान वळवली. तिला सातवा महिना लागला होता. "म्हणे, पोरगी होऊन जाईन बरी. पण या बाईले कावीळ झाली तर दोन्ही जिवाचं काही सांगता येत नाही. पाणी कोणतं पेता म्हणे."

"मी सांगतलं ना मंग त्याले," आतून गोजरबाई आल्या. हातात पितळी तांब्या. "आमचं इशान्येचं पाणी हाय. देवाच्या कोपऱ्यातलं. त्या डॉक्टरच्या घरी तरी असन का असं?"

गोजरबाईंना त्यांच्या बोअरचा फार अभिमान. पाणी लागलं त्या दिवशी त्यांनी वस्तीभर तीर्थ म्हणून वाटलं होतं. तेव्हापासून रोज पहाटे त्या बोअरच्या पाइपाला हळदकुंकू वाहतात, पहिल्या पाण्याने देव धुतात आणि ते पाणी घरात सगळ्यांच्या तोंडात पडतं. त्यांनी पेला भरून माझ्यापुढे धरला.

"पेऊन पाहा, गुर्जी. साखर टाकल्यावानी."

मी प्यायलो. खरंच गोड होतं.

आमच्या घरी मुलाने पुण्याहून येऊन भिंतीवर फिल्टर बसवून दिला आहे. आम्ही दोघं म्हातारे त्यातलंच पितो. त्यामुळे आमच्या स्वतःच्या बोअरचं पाणी कसं आहे, हे जाणून घ्यायची आम्हाला कधी गरजच पडली नव्हती.

काही दिवसांनी सकाळी सुचिता भिंतीपाशी आली. चेहरा उतरलेला. मागे सासू नाही ना, हे तिने आधी पाहून घेतलं.

"गुर्जी, मले पाणी पेताना भेव वाटते. आत्याबाई समोर उभ्या राहून पेला संपवा लावतात. म्हणतात, लेकराले देवाचं पाणी लागलं पाहिजे."

"उकळून पी ना."

"उकळाले ठेवलं की वतून देतात. म्हणतात, जित्तं पाणी मारू नको."

मी गोजरबाईंना गाठलं. सुनेचं नाव न घेता म्हणालो, घरात कावीळ आहे तोवर सगळ्यांनी पाणी उकळून प्या.

"गुर्जी, तुम्ही ते फिल्टरचं मेलेलं पाणी पेता म्हणून तुमचे गुडघे दुखतात," त्या म्हणाल्या. "मह्ये दुखतात का पाहा बरं." आणि खरोखरच उकिडव्या बसून उठून दाखवलं.

हे सगळं चालू असताना माझ्या वर्गात दिशांचा धडा आला. पूर्व-पश्चिम मुलांना येतात. ईशान्य-वायव्य म्हटलं की घोटाळा करतात. म्हणून मी बुटांच्या खोक्यांचे सारख्या मापाचे पुठ्ठे कापून दिले आणि सांगितलं, प्रत्येकाने आपापल्या घराचा नकाशा काढून आणायचा. वर उत्तर. बोअर असेल तिथे निळा गोल, संडासाची टाकी असेल तिथे काळा. माझ्या घराचा मी काढला. छकुली अजून उठत नव्हती, पण तिने खाटेवर बसून काढला आणि बापाच्या हाती पाठवला.

पुठ्ठे आले. सगळे सारखे. निळा गोल वर उजवीकडे, म्हणजे ईशान्येला. काळा गोल वर डावीकडे, म्हणजे वायव्येला. त्यात नवल काही नव्हतं. ईशान्येला पाणी आणि वायव्येला घाण, हे आमच्याकडे घर बांधणाऱ्याला विचारावंही लागत नाही. वास्तू बघणारा तेच सांगतो, गवंडी तेच सांगतो, सासरेबुवा तेच सांगतात. मी स्वतः वास्तू वगैरे फारसं मानत नाही, पण गवंड्याने तसं आखलं आणि मी मान हलवली.

"आता हे पुठ्ठे आपली घरं जशी आहेत तसे ओळीने लावा," मी म्हणालो.

पंजाबरावांचा नातू शिवम पुढे सरसावला. गुडघ्यांवर बसून त्याने पुठ्ठे एकाला एक भिडवले. पूर्वेला त्याचा, मग माझा, मग छकुलीचा, मग पुढचे. लावून झाल्यावर तो मागे सरकला आणि डोकं तिरपं करून बघत राहिला.

"गुर्जी, आमचं काळं तुमच्या निळ्याले चिटकलं!"

"अन् तुमचं काळं छकुलीच्या निळ्याले," एक मुलगी म्हणाली.

"ईऽऽ!" कुणीतरी म्हटलं आणि सगळी खिदळली.

मीही हसणार होतो. पण पुठ्ठ्यांकडे पाहून माझं हसू तोंडातच राहिलं. प्रत्येकाने आपल्यापुरतं शास्त्र पाळलं होतं. आणि माझा वायव्य कोपरा जिथे संपतो, तिथेच पश्चिमेच्या शेजाऱ्याचा ईशान्य कोपरा सुरू होतो, हे एवढ्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ओळीत सगळीकडे काळ्याला खेटून निळं.

"पण मधात भित हाय ना," शिवम म्हणाला.

"भिंत जमिनीत किती खोल असते?" मी सवयीने विचारलं.

"असन गुडघाभर."

"आणि बोअर?"

"लय खोल."

"आणि टाकीचा तळ?"

"आमच्या टाकीले तळच नाही. आबा सांगतात. म्हणून तर ते भरत नाही." तो अभिमानाने म्हणाला आणि एकदम थांबला. पुढचा प्रश्न मी विचारला नाही. त्यानेच विचारला. "मंग ते जाते कुठं?"

मुलांनी असा प्रश्न विचारावा म्हणून मी आयुष्यभर फळ्यापुढे उभा राहिलो. मुलांनी आधी पुठ्ठ्यांकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे, आणि एकेक जण हळूच उठून बाजूला उभं राहिलं. छकुलीच्या पुठ्ठ्यावर निळ्या गोलाशेजारी तिने एक तांब्या काढला होता, वर हसणारा सूर्य, आणि पाइपाला लाल कुंकू. त्याला खेटून माझा काळा गोल होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फरशीचा कोपरा लोखंडी सब्बलीने उचलला. टाकी जवळजवळ रिकामी होती. विटांच्या सांध्यांना गिलावा नाही, खाली नुसता ओला काळा मुरूम, त्यावर वळवळणारी झुरळं. मला आमचा गवंडी आठवला. "खालून मोकळी ठेवतो, गुर्जी. जन्मभर भरणार नाही," असं म्हणाला होता, आणि मी खूश होऊन त्याला चहा पाजला होता. मुरमाखाली आमच्याकडे फुटका काळा दगड आहे. त्याच भेगांतून बोअरला पाणी लागतं. आमची एवढ्या वर्षांची घाण, आल्यागेल्या पाहुण्यांची, वर्गातल्या मुलांची, सगळी त्या टाकीत पडली होती आणि तिथे नव्हती. हातभर अंतरावर, भिंतीपलीकडे, हळदकुंकू लावलेला पाइप दिसत होता.

मी त्या घरी पाणी प्यायलो होतो. गोड लागलं होतं.

सुलभा मागे येऊन उभी राहिली होती. पदर तोंडाला.

"त्यांना परत एकदा सांगा उकळून प्या म्हणून," ती म्हणाली.

"ओतून देतात त्या."

"मग पाणी खराब आहे म्हणा. कुणामुळे ते कशाला सांगायचं? रोज तोंडं दाखवायची आहेत एकमेकांना."

ती काही चूक बोलत नव्हती. म्हणूनच मी आणखी थोडा गप्प राहिलो. पुरावा हातात असावा, अशी मी स्वतःची समजूत घातली. गावच्या आशा कार्यकर्त्या सिंधूताईंकडे पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या असतात. त्यात आत औषध असतं. पाणी भरून उबेत ठेवायचं. पाण्यात संडासाचा मैला असेल तर ते काळं पडतं. सिंधूताईंनी तिन्ही घरांच्या बोअरचं पाणी भरून घेतलं. पंजाबरावांची बाटली होती तशीच राहिली. माझी काळी झाली. गोजरबाईंची तर शाईसारखी, आणि बूच उघडलं तर नासक्या अंड्याचा भपकारा. बाटल्या काळ्या होईपर्यंतच्या त्या वेळातही भिंतीपलीकडे सुचिता पेला संपवत होती. हे मला माहीत होतं.

बाटली घेऊन मी गोजरबाईंकडे गेलो. त्या देवपूजेला बसल्या होत्या. देव ताम्हनात, हातात तांब्या. मी बाटली समोर ठेवली.

"हे काय? काढा?"

"तुमच्या बोअरचं पाणी."

"त्या सिंधूनं टाकलं असन काही."

"औषध असतं. मैला असला तरच ते काळं होतं."

"कशाचा मैला?"

"संडासाचा."

त्या हसल्याच. "गुर्जी, मह्या घरच्या पाण्यात गू? मी कोणाले चपला घालून अंगणात येऊ देत नाही. आमची टाकी त्या तिकडच्या कोपऱ्यात हाय. तिथून उलटं इकडं कसं येईन?"

"तुमच्या टाकीतला नाही."

"मंग कोणाचा?"

स्वयंपाकघराच्या दारात सुचिता उभी होती, हातात भरलेला पेला. छकुली खाटेवरून माझ्याकडे बघत होती. मास्तर उत्तर सांगणार म्हटल्यावर मुलं बघतात तसं.

"माझा," मी म्हणालो. "माझा आणि सुलभाचा."

गोजरबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या ओल्या हातांकडे, मग ताम्हनातल्या देवांकडे. त्यांनी बाळकृष्ण उचलला, पदराने पुसला, मग तो पदर अंगापासून लांब धरून त्याच्याकडे बघत राहिल्या. पुसायला निर्मळ असं घरात काही उरलंच नव्हतं. सगळं त्याच पाण्याने धुतलेलं.

"सुचिता, तो पेला ठेव खाली."

तिने ठेवला.

"गुर्जी, तुम्ही पेले होते ना त्या दिवशी इथं?"

"हो."

"मंग तुम्हाले समजलं नाही?"

"नाही. गोड लागलं."

त्या उठल्या, मोरीपर्यंत पोचल्या आणि भडाभडा ओकल्या. तोंड धुवायला नळाकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.

त्याच दुपारी सुचिता आणि छकुली डोणगावला, सुचिताच्या माहेरी गेल्या. दुसरं बाळंतपण सासरीच व्हायचं, असा गोजरबाईंचा हट्ट होता. त्यांनी स्वतःच पिशव्या भरून दिल्या. माझ्याशी मात्र त्यांनी बोलणं टाकलं. सहदेव गावातल्या नळावरून कॅन भरून आणू लागला.

मी टाकी बुजवली. घरामागे, दक्षिणेला, खालून-बाजूने सिमेंट केलेली नवी टाकी घ्यायला सुरुवात केली. भरली की उपसायला गाडी बोलवायची. गवंडी दोनदा म्हणाला, "दक्षिणेले काऊन, गुर्जी? घरच्या माणसाले बरं नसते." ती होईपर्यंत आम्ही दोघं एसटी थांब्याजवळच्या ग्रामपंचायतीच्या संडासात जात होतो. सकाळी डबा घेऊन निघालो की पंजाबराव ओट्यावरून हाक मारायचे.

"गुर्जी, सरकार घरोघरी संडास देऊन राह्यलं अन् तुम्ही उलटे चालले!"

एकदा मी थांबलो. "पंजाबराव, तुमचीही टाकी तळाशी उघडी आहे. ती माझ्या बोअरला लागून आहे. माझी बाटली काळी झाली ती तुमच्यामुळे."

"पण मह्यी झाली का काळी? नाही ना. मंग ज्याची काळी त्यानं पाहावं."

"तुमची झाली नाही, कारण तुमच्या पूर्वेला कुणी राहत नाही."

"तेच म्हणतो ना मी. नशीब लागते, गुर्जी."

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. आली ती किळस. कारण तो जे बोलत होता तेच सगळी ओळ मनात बोलत होती. आमच्याकडे प्रत्येकाची घाण पश्चिमेच्या शेजाऱ्याकडे जाते आणि स्वतःला मिळते ती पूर्वेच्या शेजाऱ्याची. स्वतःची टाकी फोडून स्वतःच्या पाण्यात थेंबाचा फरक पडत नाही. मग फोडायची कुणी? पुढच्या घरांत मी पुठ्ठे घेऊन गेलो. सगळ्यांनी पूर्वेच्या शेजाऱ्याला शिव्या दिल्या, चहा विचारला, आणि आपली वायव्य मात्र ठीक आहे म्हणाले.

दिवाळीनंतर सुचिताला मुलगा झाला. दोघं सुखरूप. गोजरबाई डोणगावला जाऊन नातू बघून आल्या आणि एकट्याच परतल्या. माझी टाकी बंद होऊन तोवर बरेच दिवस झाले होते. सिंधूताईंनी त्यांच्या पाण्याची बाटली पुन्हा भरली. रंग जरा उशिरा चढला, पण चढला. वरची माझी घाण थांबली होती. खालच्या भेगांतून पंजाबरावांची माझ्या अंगणाखालून पलीकडे जातच होती. सहदेवने मला निरोप सांगितला, "माय म्हणते, बाटली पांढरी होईस्तोवर लेकरू या दारात आणणार नाही. रांगते पोरगं पाण्यात हात घालते, तोंडात घालते."

पोरगं रांगायला लागेपर्यंत तसंच चाललं.

उन्हाळ्याच्या शेवटी पंजाबरावांनी आपल्या पूर्वेचा प्लॉट मलकापूरच्या एका बँकेतल्या बाबूंना विकला. बाबू वास्तू बघणाऱ्याला घेऊन आले. चुन्याच्या फक्कीने आखणी झाली, मजूर खड्डा खणू लागले. त्या संध्याकाळी माझा वर्ग चालू असताना पंजाबराव धापा टाकत आत आले.

"गुर्जी, ते पोराइचे पुठ्ठे कुठी हायेत?"

"आहेत. का?"

"त्या बाबूले दाखवाचे हायेत. मह्या बोअरच्या मुंडक्यावर संडासाची टाकी खोदून राह्यला! वायव्य हाय म्हणे. अरे, वायव्य तुह्यी असन, पण इशान्य मह्यी हाय ना!"

"बसा."

"बसाले टाइम नाही, गुर्जी. उद्या बांधकाम—"

"बसा, पंजाबराव."

मास्तरकी सुटली तरी तो आवाज राहतो. ते मुलांच्या मधोमध मांडी घालून बसले. मी पुठ्ठे ओळीने मांडले आणि पूर्वेला एक कोरा ठेवला.

"हा बाबूंचा. टाकी कुठे येईल? बोट ठेवा."

त्यांनी वायव्य कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ती घाण कुठे जाईल?"

बोट पश्चिमेला सरकलं, त्यांच्याच निळ्या गोलावर. "हेच म्हणून राह्यलो ना मी!"

"बरोबर. आता पुढे चला. तुमची टाकी कुठे?"

बोट त्यांच्या काळ्या गोलावर आलं.

"आणि ती घाण कुठे जाईल?"

पंजाबरावांनी बोट उचललं.

मी थांबलो. मुलाला उत्तर माहीत असतं आणि सांगवत नाही, तेव्हा घाई करायची नसते. शिवम आजोबांच्या तोंडाकडे बघत होता.

"काऊन रे पंजाब," भिंतीपलीकडून आवाज आला. गोजरबाई तिथे कधी येऊन उभ्या राहिल्या, कुणाला कळलं नाही. एवढ्या महिन्यांत माझ्या अंगणात त्यांचा आवाज पहिल्यांदाच आला. "बोट काऊन उचललं? ठेव ना पुढं."

"मावशी, तुमची गोष्ट येगळी—"

"काय येगळी? मह्या नातवानं अजून मह्यं घर पाह्यलं नाही. ठेव बोट."

त्यांनी ते माझ्या निळ्या गोलावर ठेवलं.

"अजून पुढं, आबा," शिवम हळूच म्हणाला. "गुर्जींनी त्यांची बुजवली. आता आपलंच जाते तिथलोग."

बोट छकुलीच्या पुठ्ठ्यावर गेलं. तिथे तांब्या होता, कुंकू लावलेला पाइप होता, हसणारा सूर्य होता. पंजाबराव बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू वाकडा झाला.

"मावशी, छकुलीच्या वाढदिवसाले मी तुमच्या घरी मठ्ठा पेलो होतो. मागून मागून पेलो होतो."

"हाव. पाणी मह्या बोअरचंच होतं."

"म्हणजे मह्यीच?"

"थोडी गुर्जींची, थोडी तुह्यी," गोजरबाई म्हणाल्या.

मुलं फिस्सकन हसली. पंजाबराव उठून कडुनिंबाच्या बुडाशी गेले आणि थुंकले. पुन्हा थुंकले. वर्षापूर्वीचा मठ्ठा काही थुंकून निघणार नव्हता, पण त्यांचं तोंड थांबेना.

"शिवम," ते तोंड पुसत म्हणाले, "बापाले सांग, सब्बल घेऊन ये. अन् गुर्जी, तुमच्या त्या गवंड्याले फोन लावा. आधी मह्यी फोडतो. मंग त्या बाबूसमोर पुठ्ठे मांडतो. पाहू मंग काय म्हणते तो."

सगळा वर्ग त्यांच्या अंगणात गेला. मी अडवलं नाही. शिवमच्या वडिलांनी फरशी उचलली, तशी कोंडलेली वाफ वर आली. मुलांनी नाकं दाबली, पंजाबरावांनी रुमाल लावला, मीही तोंड फिरवलं. गोजरबाई तेवढ्या पुढे आल्या आणि काठावर वाकून आत बघत राहिल्या. पदर त्यांनी नाकाला लावला नाही.

"रिकामीच हाय," त्या म्हणाल्या. "भरली असती तर बरं झालं असतं."